बापाच्या नावाचा रकाना

अभ्यासवर्गात मी हा विषय काढला तेव्हा एक जण सरळच म्हणाला, "गड्या, आपल्याकडं प्रश्न कमी पडले काय? हिजड्यांवर लिहितोयस, ते बी पाकिस्तानातल्या?" बाकीचे हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो. रात्री पाळीला जाताना मात्र ते हसणं आठवलं नि लाज वाटली. आपल्या आज्याला गावात लोक ज्या हसण्यानं हसायचे ते हेच. जोहार घालणाऱ्याला बघून ओसरीवरचे हसायचे तेव्हा त्यात राग नसायचा, नुसती मजा असायची. राग परवडला.

माझा ह्या विषयाशी संबंध मस्टरमुळं आला. मी सूतगिरणीत तिसऱ्या पाळीला असतो. रिंग खात्यात तुटलेले धागे सांधायचं काम. पहिली तीन वर्षं बदली होतो. म्हणजे गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत घेणार, नाहीतर घरी. मस्टरवर नाव नाही. एकदा साच्यात बोट चेमटलं. भरपाईचं विचारायला गेलो तर कारकून म्हणाला, "मस्टरला तुझं नावच नाही. तू त्या दिवशी कामावर होतास कशावरून?" बोटावरची पट्टी दाखवली तर म्हणाला, ती कुठंही होऊ शकते. तेव्हापासून रजिस्टर ह्या चीजेची मला खोड लागली. कुणाचं नाव कोण लिहितो, कशासाठी लिहितो, कुठल्या रकान्यात लिहितो, हे बघायची.

त्याच नादात १८७१ चा २७ वा कायदा वाचला. १२ ऑक्टोबर १८७१ ला इंग्रज सरकारनं केलेला. हा कायदा आपल्याला माहीत आहे असं आपण समजतो. ह्याच कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. आपल्या मुंबई इलाख्यात तो १९११ च्या नव्या रूपात आला नि पारधी, कैकाडी, भामटे, मांग गारुडी ह्यांना पोलीस पाटलासमोर हजेरीला उभं केलं. सोलापूरच्या सेटलमेंटची तार आपल्या जुन्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून आपण विमुक्त दिन पाळतो. हे सगळं आपण भाषणात सांगतो. पण त्या कायद्याचं पुरं नाव किती जणांनी वाचलंय? 'गुन्हेगार जमाती आणि षंढ यांची नोंद' असा त्याचा मथळा होता. पहिला भाग जमातींचा. दुसरा भाग हिजड्यांचा. एकाच कागदावर, एकाच शाईनं, एकाच सहीनं. आपण अर्धाच कायदा लक्षात ठेवला. दुसऱ्या अर्ध्यातल्या माणसांना बघून हसलो.

दुसऱ्या भागात काय होतं ते सावकाश वाचा. पोरं पळवणं, खच्ची करणं किंवा ३७७ कलमाखालचा गुन्हा ह्यांचा ज्याच्यावर संशय आहे अशा प्रत्येक 'षंढा'चं नाव नि पत्ता रजिस्टरात लिहायचा. गुन्हा शाबीत व्हायला नको, संशय पुरे. षंढ कोण? जो स्वतः कबूल करतो तो, नाहीतर डॉक्टरनं तपासून ठरवला तो. एकदा नाव चढलं की त्यानं रस्त्यावर बाईच्या कपड्यात किंवा दागिन्यात दिसायचं नाही. रस्त्यावरून दिसेल अशा जागी, म्हणजे घरातसुद्धा, तसं बसायचं नाही. नाचायचं नाही, वाजवायचं नाही, बिदागी घेऊन कुणाच्या घरी गायचं नाही. केलंच तर वॉरंटशिवाय अटक नि दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालचा मुलगा घरात ठेवायचा नाही. मुलाचा पालक व्हायचं नाही, दत्तक घ्यायचं नाही, मृत्युपत्र करायचं नाही, कुणाला बक्षीसपत्र द्यायचं नाही. आणि आपल्याजवळ काय मालमत्ता आहे ते सरकारला सांगायचं.

गुरूनं चेल्याला काही द्यायचं नाही, असा ह्याचा अर्थ. घराणं तिथंच संपलं. पारध्याला निदान पोर होतं, ते तारेच्या आत का होईना वाढत होतं. इथं पोट भरायचा धंदा बंद, अंगावरचं लुगडं बंद, वारसा बंद. साहेबाचा हिशेब सरळ होता. नवे येऊ द्यायचे नाहीत, जुने मरतील, जात आपोआप नाहीशी होईल. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. त्या काळच्या सरकारी कागदपत्रांत हेच धोरण होतं, इतिहासकार जेसिका हिंची हिनं ते सगळं खणून काढून २०१९ साली ग्रंथ लिहिला.

सुरुवात त्याआधीच झाली होती. १८५२ साली मैनपुरी जिल्ह्यात भूरा नावाच्या हिजड्याचा खून झाला. मान जवळजवळ तुटलेली. खटला उभा राहिला खुन्यावर, पण बोलणं सुरू झालं मेलेल्यावर. न्यायाधीशांना वाटू लागलं की असली जमात आपल्या राज्यात आहे हाच राज्याला बट्टा. खून झाला कुणाचा नि डाग लागला कुणाला बघा! आपल्याकडं एखाद्या पोरीवर अत्याचार झाला की गाव पहिल्यांदा तिच्याच चालीची चौकशी करतं, त्यातलाच हा प्रकार.

कायद्याची हद्द वायव्य प्रांत, अवध नि पंजाब अशी होती. सर्वांत कडक अंमल वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या मुलखात. तरी ती माणसं संपली नाहीत. जिल्हा बदलत राहिली, पोलिसांना चुकवत राहिली, मालमत्ता लपवत राहिली, बंदी मोडून नाचत राहिली. १९११ ला कायदा नव्यानं लिहिला तेव्हा हिजड्यांचा भाग गळाला. पोलिसाची सवय मात्र कायद्यातनं काढता येत नाही. १९४७ ला देश फुटला, पंजाब मधोमध चिरला. लाहोर, मुलतान, रावळपिंडीचे डेरे पाकिस्तानात राहिले. पोलीस ठाणं तेच, दंडुका तोच.

आता डेरा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण सगळी गोष्ट डेऱ्याभोवती आहे. पोर दहा-बारा वर्षांचं होतं. चालणं बोलणं पोरीसारखं. बाप मारतो, भाऊ मारतो, शाळेत पोरं छळतात, एक दिवस घराबाहेर काढतात नाहीतर ते आपणच निघतं. वाटेत त्याला कुणीतरी आपल्यासारखं भेटतं नि डेऱ्यावर नेतं. डेऱ्यावर गुरू असते. गुरू म्हणजे आई, बाप नि मालक तिन्ही. ती नवं नाव देते. दुसऱ्या चेल्या म्हणजे बहिणी, गुरूची गुरू म्हणजे आजी. आपसात त्या एकमेकींना मूरत म्हणतात. लग्नात, पोर जन्मलं की बधाईला जायचं, नाचायचं, पैसे आणायचे. काही भीक मागतात, काहींना शरीर विकावं लागतं. आलेल्यातला वाटा गुरूचा. एका गुरूकडून दुसरीकडं जायचं तर आधी रक्कम चुकती करा.

कुणी ह्याला निव्वळ प्रेमाचं घरटं म्हणतं, कुणी निव्वळ शोषणाचा अड्डा. मला दोन्ही पटत नाही. आमच्या बापांच्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत जॉबर असायचा. नोकरी तोच लावायचा, खोली तोच द्यायचा, पगारातला हप्ता तोच खायचा, आजारी पडलं तर औषधाला पैसे बी तोच द्यायचा. त्याला शिव्या घालणारी माणसं त्याच्याच मयताला रडलेली आहेत. डेरा तसा आहे. बाहेर कुणी दार उघडत नाही, म्हणून आतला भाडं जास्त घेतो.

नावाचीही एक कथा आहे. हिजडा हा शब्द तिकडंही शिवीच. म्हणून मागच्या काही वर्षांत त्यांनी 'ख्वाजासरा' हा शब्द उचलला. मोगलांच्या वेळी जनानखान्याचा नि दरबाराचा कारभार बघणारे जे खच्ची केलेले अधिकारी असत त्यांचा हा किताब. त्यातले काही फार मोठे झाले. औरंगजेबाच्या पदरचा बख्तावर खान हा इतिहास लिहिणारा विद्वान होता. अहमदशहा बादशहाच्या वेळी जावेद खान दिल्लीचा कारभार हाकत होता, १७५२ ला त्याचा खून झाला. मदिनेत पैगंबराच्या कबरीची राखण शतकानुशतकं अशाच माणसांकडं होती. आजची लाहोरची ख्वाजासरा पोलिसाला ठणकावून सांगते, "आम्ही बादशहाच्या महालात होतो, आम्ही नबीच्या रौज्याचे राखणदार होतो, तू कोण?"

ऐकायला बरं वाटतं. पण इतिहास म्हणून बघितलं तर दरबारातला ख्वाजासरा नि रस्त्यावरचा हिजडा ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दरबारातले बहुतेक गुलाम होते. लहानपणी विकत घेतलेले, मालकानं कापलेले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग ह्या बायका गुलामाचा किताब मिरवतात कशाला? मी आधी चिडलो. मग आपल्याच लोकांचे जुने अर्ज आठवले. पलटणीची भरती बंद झाली तेव्हा आपल्या पूर्वजांनी सरकारला लिहून दिलं होतं की आम्ही मूळचे क्षत्रिय, काळाच्या फेऱ्यात खाली आलो. तेव्हा तेवढंच दार दिसत होतं. ज्याला आज माणूस म्हणत नाहीत तो मागं जाऊन कुठलातरी मानाचा पूर्वज शोधतो. बाबासाहेबांनी आपल्याला तो शोध थांबवून सरळ माणूस म्हणून मागायला शिकवलं. पण शिकायला आपल्यालाही वेळ लागला, हे विसरून दुसऱ्याला नावं ठेवू नयेत.

आता २००९. जानेवारी महिन्यात रावळपिंडीजवळ तक्षशिलेत, जिथलं बौद्ध विद्यापीठ आपण तोंडभर सांगतो त्याच तक्षशिलेत, लग्नात नाचायला गेलेल्या ख्वाजासरांना पोलिसांनी पकडलं. पैसे काढून घेतले, अब्रू घेतली. ह्याआधी असं हजार वेळा झालेलं असेल. ह्या वेळी त्या ठाण्यासमोर जमल्या, ओरडल्या. ही बातमी वाचून अस्लम खाकी नावाच्या वकिलानं सरळ सुप्रीम कोर्टात अर्ज टाकला. हा माणूस इस्लामी कायद्याचा अभ्यासक होता, त्यामुळं त्याला धर्मबुडवा म्हणायची सोय नव्हती. सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरी. कोर्टानं सांगितलं की हे नागरिक आहेत, ह्यांना घटनेतले सगळे हक्क आहेत, बापाच्या मालमत्तेत वाटा आहे, पोलिसांनी छळ थांबवावा. डिसेंबर २००९ मध्ये हुकूम झाला की ओळखपत्रावर ह्यांच्यासाठी वेगळा रकाना करा.

तिथं ओळखपत्र देणारं खातं नाद्रा. ते कार्ड नसेल तर बँक नाही, सिमकार्ड नाही, मतदान नाही, पासपोर्ट नाही. म्हणजे आमच्या मस्टरसारखंच. १८७१ ला रजिस्टरात नाव चढू नये म्हणून ह्यांच्या पणज्या जिल्हे ओलांडून पळाल्या, नि आता त्यांच्या नाती रजिस्टरात नाव चढावं म्हणून कचेरीच्या रांगेत उभ्या.

रांगेत उभं राहिल्यावर खिडकीतला कारकून तीन जाती वाचून दाखवी. पुरुष ख्वाजासरा, स्त्री ख्वाजासरा नि तिसरी 'खुन्सा-ए-मुश्किल'. कुठली तू? आणि त्याच्या खालचा रकाना, बापाचं नाव. पोरीला बाप होता की! त्याच बापानं हाकललेलं. त्याचं नाव लिहायचं तर त्याचं कार्ड आणा, त्याची संमती आणा. तो दार उघडत नाही, संमती कुठली देतो? आपल्या पोरांना शाळेत नाव घालताना 'जात सांग' म्हटल्यावर जसं गप्प उभं राहावं लागलं तसं ह्यांना 'बाप सांग' म्हटल्यावर. शेवटी २०१७ साली हा वाद लाहोर हायकोर्टात गेला नि नाद्रानं धोरण केलं की आईबाप ठाऊक नसतील त्यांना त्या जागी गुरूचं नाव लावता येईल.

मला सगळ्या लढ्यात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. १८७१ च्या कायद्यानं गुरूला पालक व्हायची बंदी केली होती. १४६ वर्षांनी सरकारी कागदावर बापाच्या रकान्यात गुरूचं नाव बसलं. वर्तमानपत्रात ही बातमी कोपऱ्यात आली असेल.

निवडणूक आयोगानं मतदार यादीत नोंद घेतली, २०१३ च्या निवडणुकीत काही जणी उभ्या राहिल्या. कराचीची बिंदिया राणा प्रांतिक विधानसभेला उभी होती. पडली. पण माइकवर तिचं नाव आलं, नि लोकांनी ते ऐकून घेतलं. २०१७ च्या जनगणनेत पहिल्यांदा मोजणी झाली, आकडा निघाला १०,४१८. वीस कोटींच्या देशात इतक्याच! चळवळीतल्या बायकांनी हा आकडा मानला नाही. घरात मोजायला आलेल्या माणसाला बाप सांगणार आहे थोडाच, की आमच्यात एक अशी आहे नि ती आम्ही हाकलली.

आता धर्माकडं येतो. ह्याशिवाय हा लेख लुळा आहे. आपल्याला वाटेल की मौलवी एका बाजूला नि ह्या दुसऱ्या बाजूला. तसं नाही. ह्या बायका स्वतः मुसलमान आहेत, रोजे धरतात, नमाज पढतात, मोहरमला रडतात. त्यांना इस्लाम सोडायचा नाही. त्यांना त्यात जागा पाहिजे. आपण नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात १९३० ला बसलो, पुढं १९५६ ला ते दारच सोडलं. त्यांचा रस्ता त्यांचा. मी इथून त्यांना सल्ला देणार नाही.

आणि जागा शोधायला त्यांना शास्त्रातच धागा मिळतो. इस्लामी धर्मशास्त्रात 'खुन्सा' म्हणून जुना शब्द आहे. ज्याच्या शरीरावरून पुरुष की स्त्री हे कळत नाही असा माणूस. अजिबात कळत नसेल तर 'खुन्सा-ए-मुश्किल'. हनफी पंडितांनी त्याचा बारीक विचार करून ठेवलाय. नमाजाला तो कुठं उभा राहील? पुरुषांच्या मागं, बायकांच्या पुढं. वारशात वाटा किती? पुरुष धरून नि बाई धरून हिशेब करा, जो कमी येईल तो द्या. कमीच द्या म्हणतात, पण मशिदीतनं बाहेर काढा म्हणत नाहीत. रांगेत जागा आहे. आपल्या देवळांच्या शास्त्राशी ताडून बघितलं तर ही काय लहान गोष्ट नाही.

पण खोच पुढं आहे. ही जागा शरीर बघून दिलेली आहे. आणि डेऱ्यावरच्या बहुतेक जणी शरीरानं पुरुष म्हणून जन्मलेल्या. त्या सांगतात, देह मर्दाचा, रूह औरतीची. पंडित विचारतो, रूह दाखव. ती कशी दाखवणार? म्हणून मग कित्येकींना सांगावं लागतं की आम्ही जन्मतःच अर्धवट आहोत, अल्लाहनंच असं घडवलं. म्हणजे दयेला पात्र ठरायचं तर आधी आपल्या देहात खोट आहे असं कबूल करा. जून २०१६ मध्ये लाहोरकडच्या पन्नासेक मौलवींनी फतवा काढला. त्यात चांगलं पुष्कळ होतं. ह्यांची टिंगल करणं गुन्हा, ह्यांना वारसा नाकारणारे आईबाप अल्लाहच्या कोपाला पात्र, मेल्यावर ह्यांचा दफनविधी इतर मुसलमानांसारखाच. लग्नालाही परवानगी. पण लग्नाची अट तीच. देहावर खुणा दिसल्या पाहिजेत.

फतवा निघाला त्याच्या महिनाभर आधी, मे २०१६ मध्ये, पेशावरला अलिशा नावाच्या तेवीस वर्षांच्या कार्यकर्तीला गोळ्या घातल्या होत्या. मैत्रिणींनी तिला दवाखान्यात नेलं. तिथं घोळ सुरू झाला, हिला बायकांच्या वॉर्डात टाकायचं की पुरुषांच्या? मैत्रिणी सांगतात की ह्या विचारात वेळ गेला. अलिशा मेली. चार-पाच गोळ्यांपेक्षा जास्त गोळ्या अंगात होत्या, ती कदाचित वाचलीही नसती. पण तिला खाट मिळायला हवी होती की नाही?

ह्या मरणानंतर चळवळ तापली. मे २०१८ मध्ये पाकिस्तानच्या संसदेनं कायदा केला. त्यातलं मुख्य कलम असं की मी कोण हे मी सांगीन, डॉक्टर नाही, मौलवी नाही, बाप नाही. शाळेत, दवाखान्यात, नोकरीत भेदभावाला बंदी. त्या वेळी तो जगातल्या पुढच्या पावलाच्या कायद्यांत गणला गेला. आपल्या सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात हेच तत्त्व सांगितलं होतं, पण आपल्या २०१९ च्या कायद्यानं प्रमाणपत्रासाठी कलेक्टरच्या दारात उभं केलं. म्हणून 'बघा मुसलमान कसे असतात' असं म्हणायला कुणी हा लेख वापरणार असेल तर त्यानं पान इथंच बंद करावं.

चार वर्षं कुणी फार बोललं नाही. २०२२ मध्ये वावटळ उठली. जमाते-इस्लामीचे सिनेटर मुश्ताक अहमद खान ह्यांनी नि इतरांनी म्हटलं की ह्या कायद्यानं पुरुष बायका होतील, बायका पुरुष होतील, पुरुष पुरुषांशी लग्न लावतील. वारशाचं तर फार बोललं गेलं. मुलाला दोन वाटे, मुलीला एक, मग मुली कागदावर मुलगे होऊन दोन वाटे उचलतील! गंमत बघा. हाकललेल्या ख्वाजासराला प्रत्यक्षात एकही वाटा मिळत नव्हता, नि देशभर चर्चा चालली होती की कुणीतरी दोन वाटे नेईल. चळवळीतही फूट पडली. २००९ ला पुढं असलेल्यांतली काही जुनी माणसं ह्या कायद्याच्या विरोधात गेली. त्यांचं म्हणणं, खरे आम्ही, हे नवे शिकलेले ट्रान्सजेंडर कोण? ज्यांना डेऱ्याची गरज नाही अशी पोरं आली की गुरूच्या पायाखालची जमीन हलते, हे त्यात होतंच. आपल्या फुटींकडं बघून हे आपल्याला समजावून सांगायला नको.

१९ मे २०२३ ला फेडरल शरियत कोर्टानं निकाल दिला की मनाच्या भावनेवरून लिंग ठरत नाही. आपली ओळख आपण सांगण्याचं कलम नि वारशाचं कलम इस्लामविरोधी ठरवलं. त्याच निकालात कोर्टानं असंही म्हटलं की हे लोक माणूस आहेत, त्यांना सन्मान मिळाला पाहिजे. सन्मान द्यायचा, फक्त नाव आम्ही ठेवणार. निकालावर सुप्रीम कोर्टात अपील झालं.

कोर्टाबाहेर दुसरी एक जागा आहे, ती कुणी कलमात लिहून दिलेली नाही. दर्गे. सिंधमधल्या सेहवानला लाल शहबाज कलंदरच्या दर्ग्यात धमाल नाचताना ख्वाजासराला कुणी विचारत नाही तू कुठल्या रांगेतली. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच धमालीत बॉम्ब फोडला, ऐंशीच्या वर माणसं मेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धमाल झाली. लाहोरात शाह हुसैनची कबर आहे. सोळाव्या शतकातला हा कवी विणकराच्या घरातला, म्हणून मला जवळचा. मुल्लांना न जुमानणारा, लाल कपड्यात नाचणारा. माधो नावाच्या ब्राह्मण पोरावर त्याचा जीव होता नि दोघं शेजारी शेजारी पुरलेले आहेत. लोक त्याला माधोलाल हुसैन ह्या एकाच नावानं ओळखतात. त्याच्या जत्रेला दिव्यांची जत्रा म्हणतात, तिथं ख्वाजासरा नाचतात. आपल्याकडं कल्याणला हाजी मलंगच्या उरुसाला मी एकदा गेलो होतो. गड चढताना माझ्या पुढं पाच-सहा जणी होत्या, नटलेल्या, घामानं पावडर ओघळलेली. मी दम खायला बसलो तर त्यातल्या एकीनं पाण्याची बाटली पुढं केली नि म्हणाली, "पी रे भावा, अजून लई चढ आहे." मी तिचं नाव विचारलं नाही. तेव्हा सुचलंच नाही.

दर्ग्यात नाचता येतं, पण कुराण शिकायला मदरशात गेलं की पोरं हसतात, मौलवी तोंड फिरवतो. इस्लामाबादच्या राणी खानला तेराव्या वर्षी घरानं नाकारलं, भीक मागावी लागली. सतराव्या वर्षी टोळीत गेली, लग्नात नाचू लागली. एक मेलेली मैत्रीण तिच्या स्वप्नात आली नि आपल्या लोकांसाठी काहीतरी कर म्हणून विनवू लागली, असं ती सांगते. तिनं नाच सोडला, घरी नि मदरशांत जाऊन कुराण शिकली. ऑक्टोबर २०२० मध्ये स्वतःच्या साठवलेल्या पैशातून तिनं दोन खोल्यांत मदरसा काढला, फक्त आपल्यासारख्यांसाठी. सरकारची मदत नव्हती. मध्यमवयीन बायका डोक्यावर पदर घेऊन जमिनीवर बसून अलिफ-बे गिरवतात. धड्यानंतर राणी त्यांना शिवण नि भरतकाम शिकवते, कपडे विकून मदरसा चालवावा असा तिचा बेत. तिथं दाखल होताना बापाचं नाव सांगावं लागत नाही.